अक्षर येतं, तरी अंगठाच

हिवरखेडच्या माझ्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो, आज मी गोड बोलणार नाही. खात्यातले पैसे गेले की तुम्ही माझ्याकडे येता, फोन पुढे करता आणि म्हणता, "सर, मोबाईल हॅक झाला माहा." फोन हातात घेऊन पाहिला की दिसतं ते वेगळंच. कुणी काही फोडलेलं नसतं. फोनने तुम्हाला विचारलेलं असतं आणि तुम्ही होकार दिलेला असतो, तोही एकदा नाही, लागोपाठ दोन-तीनदा. प्रत्येक वेळी पडद्यावर मजकूर होता. तुम्ही तो वाचला नाही. माझा राग त्यासाठी आहे. चोराशी भांडण आहेच, पण चोर माझ्या वर्गात बसलेला नव्हता. तुम्ही बसलेले होता.

ही सवय आजची नाही. नोव्हेंबर २०१६ आठवा. ८ तारखेच्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि लगेच पानठेल्यापासून एसटी स्टँडपर्यंत एकच गोष्ट सुरू झाली: नव्या दोन हजारांच्या नोटेत 'नॅनो जीपीएस चिप' आहे, तिला वीज लागत नाही आणि नोट जमिनीत १२० मीटर खोल पुरली तरी उपग्रहाला पत्ता लागतो. एक-दोन हिंदी वाहिन्यांनी ते दाखवलं आणि तुमच्यासाठी ते सिद्ध झालं. रिझर्व्ह बँकेने नोटेची वैशिष्ट्यं छापून जाहीर केली होती, त्यात चिपचं नावही नव्हतं. सरकारने ही अफवा असल्याचं सांगितलं. ते कोण वाचतो? अरे, जीपीएसचं यंत्र उपग्रहाचे संदेश नुसते ऐकतं. आपण कुठे आहोत हे त्याला दुसऱ्या कुणाला कळवायचं असेल, तर संदेश पाठवावा लागतो आणि पाठवायला वीज लागते. उपग्रहाचा तो क्षीण संदेश पक्क्या स्लॅबखाली नीट मिळत नाही, मग १२० मीटर मातीखाली कसा पोहोचेल? मे २०२३ मध्ये ती नोट मागे घ्यायचं जाहीर झालं. तोवरच्या साडेसहा वर्षांत तुमच्यापैकी एकानेही मला येऊन विचारलं नाही, की सर, याला वीज कुठून मिळते? शाळेत शिकलेलं विज्ञान या एका प्रश्नासाठी होतं.

'नॅनो' म्हटलं की तुमची बुद्धी गहाण पडते. कृषी केंद्रात नॅनो युरियाची बाटली घेतलीत, कित्येकांच्या गळ्यात ती युरियाच्या गोणीबरोबर लिंकिंग करून मारली गेली. २०२१ साली ती बाजारात आली, मे २०२२ मध्ये गुजरातेत कलोलला तिचा कारखाना सुरू झाला. दावा असा, की अर्ध्या लिटरची बाटली ४५ किलोच्या गोणीचं काम करते. बाटलीवर नत्राचं प्रमाण छापलेलं होतं, ४ टक्के. म्हणजे ५०० मिलिलिटरमध्ये २० ग्रॅम. गोणीत ४६ टक्के, म्हणजे साधारण पावणेएकवीस किलो. हजारपटीचा फरक आहे. ती बनवणारी संस्था म्हणते, पानातून शोषण फार कार्यक्षम होतं. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी गहू आणि धानावर प्रयोग केले, तेव्हा त्यांना उत्पादन घटलेलं दिसलं. बनवणाऱ्या संस्थेला ते मान्य नाही. घ्या किंवा घेऊ नका, हा माझा विषय नाही. माझा प्रश्न एवढाच, की कपाशीच्या भावात क्विंटलमागे दहा रुपये कमी झाले तर रात्रभर हिशेब करणारे तुम्ही, हा त्रैराशिकाचा हिशेब का केला नाही? आकडे बाटलीवर होते. तुम्ही फक्त नाव वाचलं.

आता खरं नॅनो काय असतं ते ऐका, कारण ते तुमच्या खिशात आहे आणि तुम्हाला त्याची किंमत नाही. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. फोनच्या चिपमधले स्विच, म्हणजे ट्रान्झिस्टर, यांचे बारकावे दहा-वीस नॅनोमीटरच्या घरात असतात. जाहिरातीत ६ नॅनोमीटर, ४ नॅनोमीटर, ३ नॅनोमीटर लिहितात, ती आता पिढीची नावं झाली आहेत. चिपमधला कुठला भाग तेवढाच असतो असं समजू नका. पण बारकावा खोटा नाही. २०२३ च्या महागड्या आयफोनमधल्या चिपवर १९०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. सॅमसंगने जून २०२२ मध्ये अशी रचना कारखान्यात आणली की सिलिकॉनच्या अतिपातळ पट्ट्यांना विजेचं नियंत्रण चारही बाजूंनी वेढतं. तैवानच्या टीएसएमसीने २०२५ च्या अखेरीस आपल्या २ नॅनोमीटर पिढीत तोच मार्ग धरला. आपल्याच जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांनी अमेरिकेने महासंगणक नाकारल्यावर पुण्यात सी-डॅकमध्ये 'परम ८०००' उभा केला, ते साल १९९१. त्याहून कितीतरी वेगवान यंत्र घेऊन तुम्ही रिकाम्या वेळी रील पाहता. पाहा, पण ते यंत्र तुमची राखण कसं करतं, एवढं तरी समजून घ्या.

कारण सुरक्षेची खरी लढाई आज त्याच बारीक जगात चालली आहे, आणि ती विलक्षण आहे. एकाच कारखान्यात, एकाच सिलिकॉनच्या तबकडीवर, एकाच नकाशाने घडलेल्या दोन चिपा हुबेहूब सारख्या होतच नाहीत. कुठे चार अणू कमी, कुठे जास्त. वीज सुरू होताच स्मृतीतली अमुक पेशी शून्याकडे झुकते की एकाकडे, हा प्रत्येक चिपचा स्वतःचा स्वभाव ठरतो. संशोधकांनी त्या दोषालाच ओळख बनवलं. त्या स्वभावातून गुप्त किल्ली तयार होते, ती कुठे लिहून ठेवावी लागत नाही आणि तिची नक्कल कारखान्यालाही करता येत नाही. तुमच्या फोनमध्ये बोटाच्या ठशाचा नमुना चिपच्या वेगळ्या, बंदिस्त भागात राहतो. इतर अ‍ॅपना तो मिळत नाही, फक्त 'जुळलं' किंवा 'जुळलं नाही' एवढंच कळतं.

बारीकपणाची दुसरी बाजूही आहे. फोनच्या आणि कॉम्प्युटरच्या रॅममध्ये प्रत्येक पेशी म्हणजे विजेचा एक इवला साठा. पेशी एकमेकींना इतक्या खेटून बसवल्या, की एकच ओळ पुन्हा पुन्हा, हजारो वेळा उघडली तर शेजारच्या ओळीतली वीज गळते आणि तिथल्या एकाचा शून्य किंवा शून्याचा एक होतो. याला रोहॅमर म्हणतात. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये तीन कंपन्यांच्या १२९ रॅमपट्ट्या तपासल्या, त्यातल्या ११० मध्ये हा दोष सापडला. पुढच्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी दाखवलं, की एवढ्या एका भोकातून कॉम्प्युटरचा पूर्ण ताबा घेता येतो. कंपन्यांनी बंदोबस्त केला. सप्टेंबर २०२५ मध्ये झुरिकमधल्या एका विद्यापीठाच्या संशोधकांनी गूगलबरोबर नव्या डीडीआर-५ रॅमवरही तो बंदोबस्त मोडून दाखवला. जगातली तल्लख माणसं एकेका पेशीसाठी अशी झुंजतात. हे मी तुम्हाला मुद्दाम एवढं सांगतोय, कारण तुम्ही "हॅक झाला" म्हणता तेव्हा या सगळ्या मेहनतीवर खोटा आळ घेता. तुमच्या खात्यातले चाळीस हजार न्यायला कुणी रोहॅमर करत नाही. त्याची गरजच पडत नाही.

गरज पडत नाही, कारण तुम्ही दार उघडून देता. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते. लग्नसराईत पत्रिका म्हणून, पेरणीच्या तोंडावर पीएम किसान म्हणून, गाडीवाल्यांना आरटीओचं चलन म्हणून. नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. पत्रिका म्हटली तर ती फोटो असेल किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अ‍ॅप, फोनमध्ये घुसून काम करणारा प्रोग्रॅम. तुम्ही दाबलं की फोन आधी अडवतो: हे अनोळखी ठिकाणाहून आलंय, परवानगी द्यायची का? तुम्ही देता. मग ते अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी मागतं. लग्नपत्रिकेला तुमचे मेसेज कशाला वाचायचेत, हा प्रश्न पाचवीतल्या पोरालाही पडावा. तुम्हाला पडत नाही, तुम्ही देता. काही अ‍ॅप त्यापुढे जाऊन 'ॲक्सेसिबिलिटी' मागतात. ती सोय अंध-अपंगांसाठी आहे, ती मिळाली की अ‍ॅप तुमचा पडदा वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. तीही देता. मग अ‍ॅप आपलं चिन्ह लपवतं आणि बँकेचा ओटीपी आला की तो चोराकडे रवाना होतो. कधी चोर फोनवर बोलता बोलता 'प्ले प्रोटेक्ट बंद करा' म्हणतो आणि तुम्ही राखणदारालाच बाहेर काढता. चिपने काय केलं? तुम्ही जे सांगितलं ते चोख केलं.

या वऱ्हाडात तुमच्या पणजोबांनी सावकाराच्या ओसरीवर कोऱ्या स्टँपपेपरवर अंगठे दिले. वर काय लिहिलं जाणार हे त्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांना अक्षर येत नव्हतं. त्या अंगठ्यांवर वावरं गेली. पुढे शाळा आल्या, तुमच्या आजीने लुगडं फाटकं नेसून तुमच्या बापाला वही-पेन्सिल घेऊन दिली, ते यासाठी की घरातल्या कुणाला पुन्हा न वाचता अंगठा द्यावा लागू नये. अशा सावकारीला चाप लावायला २०१४ साली राज्याने नवा कायदा केला. आणि तुम्ही बारावी झालेले, बी.ए. झालेले, 'मी सहमत आहे' या चौकटीवर न वाचता बोट ठेवता. पणजोबाला माफी आहे. तुम्हाला कशी द्यायची?

आणि हा अंगठा नुसता पडद्यावरचा नाही. आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या मशीनवर आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट, एवढ्यावर पैसे निघतात. ना ओटीपी, ना पिन. खेड्यातल्या म्हाताऱ्यांसाठी ती मोठी सोय आहे आणि म्हणूनच चोरांची तिच्यावर नजर आहे. देशात खरेदीखतांच्या कागदांवरून ठसे उचलून, सिलिकॉनची खोटी बोटं बनवून पैसे काढल्याचे गुन्हे नोंदले गेले. त्याहून सोपी युक्ती म्हणजे "सर्व्हर गेला, पुन्हा अंगठा लावा." पहिल्या वेळी पैसे निघालेले असतात आणि दुसऱ्या वेळीही निघतात. तुमची आई, जिला कमी दिसतं, ती तिथे एकटी जाते. तुम्ही गावात असून तिच्याबरोबर जात नाही. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, फुकट, आधारच्या अधिकृत अ‍ॅपवरून पाच मिनिटांत. रेशन किंवा ई-केवायसीला लागलं तर तेवढ्यापुरतं उघडता येतं. किती जणांनी आईवडिलांचं करून दिलं? हात वर करा म्हटलं तर वर्गात शांतता पसरेल, हे मला ठाऊक आहे.

आता सेवा केंद्र चालवणाऱ्यांनो, उभे राहा. तुम्ही गावाची तिजोरी सांभाळता आणि तुम्हाला त्याचं भान नाही. सातबारा, पीकविमा, महाडीबीटी, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, सगळं तुमच्या एका कॉम्प्युटरवर. डेस्कटॉपवर अख्ख्या गावाची आधार कार्डं आणि पासबुकं पडलेली. पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. विंडोज चोरीची, तिला 'क्रॅक' करणारा प्रोग्रॅम कुठल्या तरी साइटवरून उतरवलेला, आणि तो चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद केलेला. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था यंत्रातच लागते, जुन्या डब्यात ती नसते. म्हणून तुम्ही तोच डबा तसाच चालवता आणि अपडेटची सूचना आली की 'नंतर' दाबता.

'नंतर'ची किंमत सांगतो. विंडोजमधल्या एका भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिलं. ज्यांनी लावलं नाही त्यांच्यावर १२ मेला वॉनाक्राय आला, दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर कुलूपबंद झाले. एवढं पाहूनही जग जागं झालं नाही. २७ जूनला नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून शिरला आणि पसरायला त्याने ज्या वाटा वापरल्या त्यात तेच मार्चचं भोक होतं, जोडीला चोरलेले पासवर्ड. आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं, ट्रक रांगेत अडकले. एवढ्या मोठ्या कंपन्या वाकल्या, तिथे तुमच्या दुकानाचं काय? तुमच्याकडून गावाचे कागद गेले, तर लोक सरकारला शिव्या देतील, तुम्हाला नाही. म्हणूनच तुम्ही बेफिकीर आहात.

यावर तुमची ठरलेली दोन उत्तरं असतात. पहिलं: "आपल्याजोळ हायेच काय सर, कोनं काय चोरीन?" आहे ना. तुमचं कोरं, स्वच्छ खातं आहे. चोराला लुटलेले पैसे फिरवायला असंच गरिबाचं खातं लागतं. दोन-पाच हजार रुपयांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली करणारे पोट्टे या पट्ट्यातही निघतील, त्यांना सांगतो: पोलीस प्रथम ज्याच्या नावाने खातं आहे त्याच्या दारात येतात. नोकरीचा फॉर्म भरायच्या वयात गुन्ह्यात नाव येईल.

दुसरं उत्तर: "सर, बँकाच सुरक्षित नाहीत." बरोबर आहे, पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. बँकेच्या यंत्रणेऐवजी चोरांचं बनावट यंत्र एटीएमना 'पैसे द्या' म्हणून होकार देत राहिलं. २८ देशांतून काही तासांत सुमारे ७८ कोटी निघाले, मग हाँगकाँगच्या खात्यात जवळपास १४ कोटी वळवले, भारतात निघालेले धरून एकूण ९४ कोटी ४२ लाख. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा दिली. पण अर्धीच गोष्ट सांगू नका. ते नुकसान बँकेचं होतं, ठेवीदाराच्या खात्यातून वजा झालं नाही. तुमचं तसं नाही. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम वाचा: चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तर तुमची जबाबदारी शून्य. ओटीपी, पिन तुम्ही स्वतः दिलेत, तर तक्रार करेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. डिसेंबर २०१७ मध्ये हेच सहकारी बँकांनाही लागू झालं. म्हणजे न वाचता दाबलेल्या बटणाचा खर्च नियमानेही तुमच्याच माथी आहे.

त्याच नियमात तुमचा बचावही आहे आणि तिथेही तुम्ही घात करून घेता. पैसे गेले की तुम्ही गप्प बसता. बायकोला सांगत नाही, बापाला सांगत नाही, चार दिवस जेवण जात नाही. का? पानठेल्यावर हसतील म्हणून. आणि हसणारेही तुम्हीच असता. फसलेल्या माणसाला "एवढं शिकून अक्कल नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, तुझ्या त्या हसण्यामुळे पुढचा माणूस तक्रार करत नाही आणि चोर मोकळा सुटतो. अक्कल काढायची असेल तर मी काढीन, तो माझा अधिकार आहे. तुम्ही त्याला ठाण्यात घेऊन जा. पहिल्या तासात १९३० या सायबर तक्रारीच्या नंबरवर फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. दोन दिवसांनी चोरांनी ते दहा खात्यांतून फिरवून काढलेले असतात. तुम्हाला गप्प ठेवायला चोर पोलिसाचं सोंगही घेतो. पोलीस, सीबीआय कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, 'डिजिटल अरेस्ट' नावाचं काही कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून देशाला सांगितलं. तरी निवृत्त, शिकलेली, पेन्शन घेणारी माणसं दार लावून कॅमेऱ्यासमोर बसून राहतात. गुपचूप राहा म्हणणाऱ्याचं ऐकू नका, त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी हाक मारा.

शास्त्रज्ञ त्यांचं काम करताहेत: क्वांटम संगणकापुढे टिकतील अशा नव्या कुलपांची पहिली तीन मानकं अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली. ती हळूहळू तुमच्या फोनमध्ये आपोआप येतील, तुम्ही अपडेट 'नंतर'वर टाकलं नाही तर. तुमच्या वाट्याचं काम त्याहून फार सोपं आहे आणि ते कुठलाही शास्त्रज्ञ तुमच्यासाठी करणार नाही.

तेव्हा आज घरी जा. आईवडिलांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. त्यांच्या फोनमध्ये कुठल्या अ‍ॅपला मेसेज वाचायची परवानगी आहे ते उघडून बघा, नको असलेली काढा. १९३० हा नंबर 'सायबर तक्रार' नावाने त्यांच्या फोनमध्ये घाला आणि तो लावायचा कसा हे त्यांच्या हाताने करून घ्या. सेवा केंद्रवाल्यांनो, तुम्ही दुकान उघडण्याआधी डेस्कटॉपवरची गावाची कागदपत्रं पुसा. ही कामं उद्यावर टाकू नका.